झोपवलेली वाट

माझ्या नवऱ्याला सगळे खोडरबर म्हणतात आणि त्याला त्याचा राग येत नाही. मला येतो. पण नाव चुकीचं आहे असंही म्हणता येत नाही. लोक जंगलात वाटा पाडतात, हा त्या पुसतो. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय? तेव्हा तो वाटा पाडायच्या कामावर होता, त्यामुळे सांगायला सोपं गेलं. आज विचारलं असतं तर वडिलांनी मला परत घरी बसवलं असतं.

माणूस तसा साधा, पण स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नाही. जेवताना मधेच उठून खिडकीतून आभाळ बघून येईल. चहा उभ्याने पिईल, तोही अर्धा. नातेवाइकांकडे गेलो की यजमानांचं अंगण झाडून देईल. मी कितीदा म्हटलं, अरे बाबा, पाहुण्यासारखा बस की जरा. म्हणतो, "बसलोय की." तोवर उठलेला असतो.

आमच्या फाटकापासून आतल्या तळ्यापर्यंत पायी तीन तासांची वाट. गाडी जात नाही, तार नाही, दिवा नाही. सुरुवातीला तिथे जायला एकच वाट होती, ती यानेच पाडलेली. मग तळ्याचे फोटो कुठे कुठे पोचले आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. दोन वर्षांत त्या पायवाटेचा रस्ता झाला. चिखल टाळायला लोक बाजूने चालायचे, मग बाजूचा चिखल टाळायला आणखी बाजूने. शेवटी शेवटी बैलगाड्या जातील एवढी रुंदी झाली आणि पावसाळ्यात सगळी माती वाहून तळ्यात गेली. ज्या तळ्यासाठी लोक यायचे, तेच गढूळ. नवऱ्याने ते पाहिलं आणि आठ दिवस कोणाशी धड बोलला नाही. "मीच पाडली होती ना ती," एवढंच म्हणायचा.

मग आम्ही इथल्या घरांनी मिळून ठरवलं. दिवसाला चोवीसच माणसं आत जातील. वाटा तीन. एक वर्ष एक चालायची, उरलेल्या दोन झोपतील. हंगाम संपला की चालती वाटही झोपवायची, म्हणजे थंडीत आत जायला वाटच उरत नाही. झोपवायची म्हणजे नुसती फांदी आडवी टाकायची नाही हं! तुडवून दगड झालेली माती लोखंडी काट्याने सैल करायची, पालापाचोळा भरायचा, शेवाळाचे तुकडे ओल्या पोत्यातून आणून बसवायचे, उपटलेले धोंडे हिरवी बाजू वर करून जागच्या जागी ठेवायचे. फरशी पुसताना जसं मागे मागे दाराकडे येतो, तसं वरून सुरुवात करून फाटकाकडे यायचं, म्हणजे आपलेच पाय उमटत नाहीत. तळ्यापर्यंतची सगळी वाट नाही, फाटकाजवळचा पहिला मैलभर. तेवढा पुसला की पुढे कोणी पोचतच नाही. काही पाहुणे मोठ्या तोऱ्यात सांगतात, आम्ही आत काही टाकत नाही, फक्त पावलं उमटवतो. नवरा म्हणतो, "पाऊल काय हलकं असतं होय?"

आणि काम असं करतो की बघत राहावं. झोपवलेल्या वाटेवर तुम्ही उभे राहिलात तरी इथे कधी कोणी चाललं होतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझं काम फाटकावर. टेबल, खुर्ची आणि मागे भिंतीवर एक फळा. फळ्यावर चोवीस खिळे, खिळ्यांवर चोवीस पितळी बिल्ले. आत जाणाऱ्याने बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी सगळे खिळे भरले की आत कोणी नाही. झोपवायच्या दिवशी तर नवरा माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावत नाही. मी दोनदा मोजते आणि ओरडून सांगते, "फळा भरला!" मग तो काटा उचलतो.

आम्हाला घरच्यांना बिल्ले नाहीत. घरच्यांना कसला बिल्ला? हे कोणी ठरवलंही नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता ताई. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, फाटकावरच्या आणि आत तळ्याकाठच्या झोपडीतल्या दोन्ही स्वयंपाकघरांची मालकीण. पगाराने नाही, आवाजाने. त्यांचं आणि माझं मुळीच पटत नाही असं नाही, पण पटतं असंही मी शपथेवर सांगणार नाही. त्यांना माझं बसून काम करणं खुपतं. मला त्यांचं ते खुपणं खुपतं. शिवाय इथे राहायला आल्यापासून अकरा वर्षांत मी फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही, याची त्यांना फार मजा वाटते. खरं कारण असं की मला दिशा कळत नाहीत. अजिबात नाही. बाजारात एका दुकानात शिरले की बाहेर पडताना मी हमखास उलटीकडे वळते. नवरा म्हणतो, हिला झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात सोडायलाही माणूस लागेल.

हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी आमचं वाजलं. निमित्त काय, तर मी बसल्या बसल्या त्यांच्याकडे चहा मागितला. ताई म्हणाल्या, "खुर्चीला मुळं फुटलीत वाटतं." दिवसभर पाहुण्यांची किरकिर ऐकून माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यावाचून काही अडत नाही इथे. करून घेईन मी." बोलले ते बोलले. त्या काही बोलल्या नाहीत, भांडी आवरून खोलीत गेल्या. ताई गप्प बसल्या की समजावं, जखम खोल झाली. मला ते समजलं होतं. पण माझंही नाक वर होतं, मी गेले नाही समजूत घालायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून गारांचा पाऊस सांगितला होता. एरवी वाट झोपवायला तीन दिवस लागतात. या वेळी नवऱ्याने चार गडी मदतीला घेतले आणि एका दिवसात उरकायचं ठरवलं. सात वाजता मी फाटकावर बसले, फळ्याकडे पाहिलं, दोनदा मोजलं. चोवीस.

"फळा भरला!"

पाचही जण पोती घेऊन वर गेले. मी कागदपत्रं बांधत बसले. मधल्या वेळेत चहा आला नाही. म्हटलं, नको तर नको. जेवायला कोणी हाक मारली नाही. म्हटलं, अच्छा, असं आहे काय! कालचं उरलेलं खाल्लं. ताईंच्या खोलीवरून दोनदा गेले, मुद्दाम पाय वाजवत, पण दाराकडे मान वळवली नाही. देवा, नुसती मान वळवली असती तरी कडी बाहेरून लागलेली दिसली असती.

चारला नवरा आणि गडी हात झाडत खाली आले. काम छान झालं होतं, सगळे खुशीत होते. एकाने विचारलं, "ताई कुठे? चूल गार पडलीय."

"रुसून बसल्यात," मी म्हटलं आणि हसलेसुद्धा.

मग मात्र चहासाठी त्यांना उठवायला मीच गेले. कडी बाहेरून. आत अंथरूण नीट घडी घातलेलं. दाराशी त्यांचे चालायचे बूट नव्हते आणि काठीही नव्हती. डोक्यात सगळं एकदम धावायला लागलं. त्या आत गेल्या आहेत. पहाटे, मी फाटक उघडायच्या आधी. आणि आम्ही वाट पुसून टाकली आहे.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हात धूत होता. त्याने हात धुतले, पुसले आणि परत धुतले. मग म्हणाला, "तू मोजलं होतंस."

"बिल्ले मोजले होते."

त्याने दोघा गड्यांना वर डोंगराच्या धारेने झोपडीपर्यंत पिटाळलं, दोघांना ओढ्याच्या पलीकडे. काळोख व्हायला दोन तास. वारा सुटला होता आणि डोंगरामागे आभाळ शिशासारखं दिसत होतं. ताई पासष्टीच्या, गुडघे कुरकुरणारे, अंगावर फार तर एक शाल. आणि खाली ओढ्यालगत दलदल आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यात एक खेचर मानेपर्यंत गेलं होतं, ते बाहेर काढता काढता सात जणांच्या नाकी नऊ आले होते.

नवरा निघाला आणि मीही मागे निघाले. तो म्हणाला, तू कशाला? मी म्हटलं, मी इथे बसले तर मला वेड लागेल. खरंच लागलं असतं.

तो सरळ धावत सुटला. कुठून धावतोय ते मला कळेना, कारण समोर नुसतं रान होतं. तो मात्र मधेच वाकून जमिनीवर हात फिरवत होता. "एक तुकडा हललेला नाही," म्हणायचा. "एक पान नाही." मैलभर वर गेल्यावर पुसलेला भाग संपला आणि समोर खरी, मळलेली वाट दिसली, झोपडीकडून येणारी. तिथे तो थांबला. चिखलात बुटाचा एक ठसा होता आणि त्याच्या बाजूला काठीचं भोक. ठसा आमच्याकडे तोंड करून होता.

म्हणजे ताई इथपर्यंत परत आल्या होत्या. आणि पुढे पुसलेल्या जागेवर एक पाऊलही नव्हतं.

"ताईऽ!" तो ओरडला. मीही ओरडले. वाऱ्याने आवाज तिथल्या तिथे खाल्ला. तो चारी बाजूंना फिरला, दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे, परत ठशापाशी. सोळा वर्षांच्या संसारात मी त्याला वाट शोधताना पाहिलं नव्हतं.

"मला नाही कळत ती कुठे वळली," तो म्हणाला. "मला इथे वाटच दिसते. पुसलीय तरी दिसते. डोळे मिटले तरी दिसते. दुसरीकडे पाय जाईलच कसा?" मग एकदम माझ्याकडे वळला. "तू आत कधी आलेली नाहीस. इथे उभी राहा. तुला काय दिसतं?"

मी ठशापाशी उभी राहिले. ताई जशा उभ्या असतील तशी. समोर शेवाळ, पाला, धोंडे. डावीकडे कातळ. उजवीकडे दोन झुडपांमध्ये फट होती आणि तिच्यातून उघड्या मातीची पट्टी खाली गेली होती.

"ही काय वाट," मी म्हटलं.

"ती डुकरांची आहे."

"मला काय माहीत कोणाची! मला वाट दिसतेय."

ती खाली दलदलीकडे जाते हे मला नंतर कळलं. तेव्हा त्याने फक्त एवढं म्हटलं, "तू पुढे हो. चुकत जा. मी मागून येतो."

मग मी पुढे आणि माझा नवरा मागे. अहो, ज्या बाईला बाजारातून घरी येता येत नाही, तिच्यामागे तो मुकाट चालत होता. फाटा आला की थांबायचा, काही बोलायचा नाही. मी बघायचे आणि जे सोपं दिसेल तिकडे वळायचे. गुडघे दुखत असतील तर माणूस कुठून उतरेल? जिथे धरायला फांदी आहे तिथून. काठी असेल तर कुठे टेकवेल? एकदा मी कातळाच्या टोकाशी जाऊन अडकले, परत फिरले. एकदा काट्यांत घुसले, ओरबाडून निघाले. आयुष्यभर ज्या गुणावर लोक हसले, त्याच्यावर मी ताईंचा जीव लावला होता आणि उजेड भराभर उतरत होता. पहिल्या गारा पानांवर वाजायला लागल्या.

शेवटच्या फाट्याला मी डावीकडे वळले. का ते विचारू नका. उजवीकडे अंधार जास्त होता. वीस पावलांवर काठी पडलेली दिसली.

तिथून खाली ओढ्याचा खळखळाट आणि ओढ्यालगत काळी, चकाकणारी दलदल. तिच्या कडेला ताई बसल्या होत्या. एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, दुसरा दुमडून अंगाखाली, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला रॉकेलचा डबा. झाकण वर, डबा ताठ.

मी घसरत, बसत, लोळत खाली पोचले.

"तू?" ताईंचे ओठ निळे पडले होते. "तू कशी आलीस इथे?"

"चुकत चुकत," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

नवरा मागून आला. त्याने आधी डबा घ्यायला हात पुढे केला, तर ताईंची बोटं सुटेनात, इतकी आखडली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. डबा झोपडीच्या फळीमागे राहिला होता. गड्यांना तो माहीत नव्हता, ताईंनीच ठेवलेला. थंडीत गंजून फुटला असता तर सगळं रॉकेल तळ्यात, म्हणून त्या पहाटे तो आणायला गेल्या. कोणाला सांगून जाणार? भाऊ झोपलेला होता आणि माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. इथे पाय घसरला तेव्हा डबा कलंडू नये म्हणून त्यांनी डबा सावरला, स्वतःला सावरलं नाही. घोटा सुजून भाकरीएवढा झाला होता.

त्याने पाय चिखलातून काढला आणि मग त्याचा धीर सुटला. माणूस घाबरला की ओरडतो, तसा ओरडायला लागला. "हाका का नाही मारल्यास? दुपारपासून इथे आहेस! आम्ही मैलभरावरच होतो! ओरडत राहायचं ना!"

"मारल्या चार-सहा," ताई म्हणाल्या. "मग वाटलं, कोणाला मारायच्या? वर वाट बंद झालेली दिसली होती. हिने मोजल्याशिवाय तू बंद करत नाहीस, मला ठाऊक आहे ना. म्हटलं, म्हणजे सगळे घरी पोचले."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. टोमण्यांची मला सवय आहे. पण त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं, हिशोब बरोबर जुळतो अशा सुरात. मी आदल्या संध्याकाळी जे बोलले होते ते त्यांनी तिथे बसून चार तास खरं मानलं होतं. मी त्यांचे पाय घट्ट धरले. नवरा चिखलात तसाच बसून राहिला होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला स्वस्थ बसलेला पाहिला आणि मला ते बघवेना.

मग त्याने ताईंना पाठीवर घेतलं. मी माझा स्वेटर त्यांच्या डोक्यावर बांधला, डबा उचलला आणि आम्ही चढायला लागलो. बुटाचा ठसा होता तिथे येईपर्यंत अंधारून आलं होतं आणि गारा सपासप बसत होत्या. समोर दिवसभर बसवलेलं शेवाळ, हिरवंगार, ओलं.

"बाजूने घे," ताई पाठीवरून म्हणाल्या. "नुकतं बसवलंयस. म्हणून तर मी यावरून आले नाही. तुझी दिवसभराची मेहनत तुडवायची कशी?"

नवरा थांबला. त्याच्या छातीतून कसलासा आवाज आला, तो रडणं होता की धाप हे मला त्या पावसात कळलं नाही. मग त्याने पाय उचलला आणि शेवाळाच्या मधोमध टाकला. टाच रुतवून. मग दुसरा.

"अरे, तुडवतोयस," ताई म्हणाल्या.

"हो, ताई," तो म्हणाला आणि फाटकापर्यंत तसाच सरळ चालत गेला. मी त्याच्या पावलांत पावलं टाकत मागून गेले.